आकडा नसलेल्या ओळी

ढाणकीच्या बसस्टँडसमोर दीपमालाचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, शपथपत्र, लग्नपत्रिका, सातबाऱ्याची झेरॉक्स, सगळं तिथं व्हायचं. पण उमरखेडहून कारकून लोक मोटारसायकल हाणत यायचे ते काही झेरॉक्ससाठी नाही. ते याद्या घेऊन यायचे. रेशनच्या, मतदारांच्या, कापसाच्या ऑनलाइन नोंदणीच्या. कुणाचं नाव आधी, कुणाचं गाव आधी, मध्येच रिकाम्या ओळी, मध्येच कुणाची सही. बाकीचे टायपिंगवाले असली खिचडी दाणा दाणा निवडत बसायचे आणि दोन दिवसांनी मान धरून उठायचे. दीपमाला साध्या टेक्स्ट एडिटरात यादी उघडायची, ‘शोधा आणि बदला’ची खिडकी काढायची, तिच्यात कंस, टोपी, चांदणी, डॉलर असली चार चिन्हं टिपायची आणि बटण दाबायची. चहा येईपर्यंत काम झालेलं असायचं.

या विद्येला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. अमुक नाव शोध असं सांगायचं नाही, तर ‘ज्या ओळीच्या शेवटी दहा आकडी फोन नंबर आहे अशा सगळ्या ओळी शोध’ असं सांगायचं. शब्द नाही, शब्दाचा साचा. दीपमाला त्याला चाळणी म्हणायची. तिला ती कुणी शिकवली नव्हती. इंटरनेटवर वाचून, चुकत माकत, सहा महिने डोकं आपटून ती शिकली होती. तिला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? आमच्याकडं माणसाला गर्व करायला तसंही फार काही मिळत नाही. कुणी ‘जादूगार मॅडम’ म्हणालं की ती “कायची जादू” म्हणायची, पण ऐकायची मात्र कान देऊन.

ते साल सतराचं. कापूस त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि बोंडअळीच्या धास्तीनं जो तो फवारत सुटला होता. पीक कमरेइतकं असलं तर औषध खाली पडतं. डोक्यावर गेलं की नळी वर धरावी लागते, आणि मग औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतं. भादव्यात माणसं पडायला लागली. कुणाला उलट्या, कुणाला झटके, कुणाला समोरचं दिसेना. काही गेली. उरलेल्यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं, आणि घरी ती तशीच बसून राहिली.

मग बाहेरच्या एका धर्मादाय दवाखान्याचे डॉक्टर यायला तयार झाले. दिवाळीनंतर एक दिवस ढाणकीच्या मंगल कार्यालयात बसणार, रक्त तपासणार, आणि ज्याच्या रक्तात विष अजून आहे त्याला त्याच संध्याकाळी आपल्या गाडीतून नागपूरला नेऊन भरती करणार. दिवस एकच. त्यांना यादी मात्र आधी पाहिजे होती, फोन करून माणसं बोलावता येतील अशी.

घरोघर फिरणाऱ्या आशाताईंनी यादी केली. त्यांची रीत नेहमीचीच होती: आधी शेत, मग माणसं. पहिल्या ओळीत शेतमालकाचं नाव, गाव, गट नंबर, फोन नंबर. त्याच्याखाली त्या शेतात ज्यांनी पंप पाठीवर घेतला त्यांची नावं, आणि गाव, गट, फोन या तिन्ही जागी ‘वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे’. शेवटी तक्रार. ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत आमच्याकडं रजिस्टर असंच भरतात. लिहिणाऱ्याचा हात वाचतो आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं.

तेवीस गावांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवरून जमवून, एकाखाली एक चिकटवून बबनरावांनी दीपमालाला मेल केल्या. बबनराव तालुक्याच्या एका ऑफिसात कारकून होते, आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

“मॅडम, याच्यात कचरा लय हाय,” ते फोनवर म्हणाले. “हेडिंग, सह्या, शुभ सकाळ, गुलाबाचं फूल. ज्या ओळीत गट नंबर नाई, फोन नंबर नाई, थे ओळ कामाची नाई. उडवून टाका. डॉक्टर लोकाले आजच्या आज पाह्यजे.”

दीपमालानं वरचं पान चाळलं. खरंच कचरा होता. तिनं खिडकीत लिहिलं: ^[^0-9०-९]*$

टोपी म्हणजे ओळीचं तोंड, डॉलर म्हणजे ओळीची शेपटी. चौकटी कंसात सगळे आकडे, आणि कंसाच्या आत पुन्हा टोपी घातली की अर्थ उलटा होतो: आकडे सोडून काहीही, आणि चांदणी म्हणजे ते कितीही वेळा. थोडक्यात, जिच्यात एकही आकडा नाही अशी आख्खी ओळ. मागं एकदा मराठी आकडे लिहायचे विसरून तिनं एका गावाची अर्धी यादी गमावली होती. तेव्हापासून ती इंग्रजी-मराठी दोन्ही आकडे न चुकता लिहायची. याही खेपेला लिहिले. आपण किती खबरदार आहोत, या समाधानात तिनं ‘बदला’ची जागा रिकामी ठेवली आणि ‘सगळे बदला’ दाबलं. सहाशे चौदा ठिकाणी बदल झाल्याचं एडिटरनं सांगितलं. एवढा कचरा होता बाप्पा, ती मनाशी म्हणाली. उरलेल्या रिकाम्या ओळी तिनं मिटवल्या, यादी पाठवून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेला लागली.

सुक्याबरोबर ओलंही जळतं. ते जळताना धूर निघाला असता तर तिला कळलं तरी असतं.

शिबिराच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई दुकानात आली. तांड्यावरून तीन कोस चालत आलेली, पाय धुळीनं पांढरे. नाव रुपीबाई.

“कंपुटरवाली बाई तुमीच का?” तिनं विचारलं. “तिथं टेबलावर बसले हायेत थे बबनराव म्हंते, यादी आमी नाई केली, कंपुटरवाल्या बाईले इचारा.”

“काय झालं?”

“नाव नाई म्हंते. आशाताईनं माह्या समोर लिवलं होतं. मी पाह्यलं.”

“तुमाले वाचता येते?”

“नाई. पर तिनं लिवलं थे पाह्यलं.”

दीपमालानं डॉक्टरांना पाठवलेली यादी उघडली. “नाव सांगा.”

पदर तोंडावर ओढून रुपीबाईनं दुकानाबाहेर पाहिलं. “लग्नाले बावीस वर्सं झाली, कधी नवऱ्याचं नाव नाई घेतलं,” ती म्हणाली. “आज पयल्यांदा घेतलं, त्या टेबलापाशी. चार मानसाईत. अन् तिथं निंघालं नाई.” मग हळूच म्हणाली, “देवसिंग.”

दीपमालानं शोधलं. सापडलं नाही. आशाताईच विसरली असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. या बाईची खात्री पटवावी म्हणून तिनं बबनरावांच्या मेलमधली मूळ यादी उघडली आणि तेच नाव टाकलं. एक जागा उजळली.

देवसिंग, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, हात कापतात, अंधुक दिसते.

वरच्या ओळीत पंजाबराव, सावळदरा, गट ११२, फोन नंबर. दीपमालानं एकदा खालची ओळ वाचली, एकदा वरची. मग तिनं ‘वरीलप्रमाणे’ शोधलं आणि अशा ओळी किती ते मोजलं. सत्तावन्न.

दीपमालाचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर राबला होता. शाळेत असताना रोजगार हमीच्या मस्टरवर, सोसायटीच्या वहीत, कुठं कुठं त्याचं नाव तिनं असंच कुणाच्या तरी नावाखाली लटकलेलं पाहिलं होतं. दुसरं कुणी ही चूक करतं तर एक वेळ समजलं असतं. तिनं करायला नको होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की रुपीबाईकडं पाहवेना.

आणि नुसती नावं गेली असती तर तेवढंच. वरच्या ओळी राहिल्या होत्या ना. म्हणजे गेले आठ दिवस फोन गेले ते मालकांना. स्वतःच्या दोन एकरांत स्वतः फवारलेले काही होते त्यात, नाही असं नाही. पण ज्यांनी कधी पंपाचा पट्टा खांद्यावर घेतला नाही असे कितीतरी जण आज तिकडं बोट पुढं करून बसले असणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

“रुपीबाई,” ती म्हणाली, “आशाताईनं बरोबर लिवलं होतं. मी पुसलं.”

“काहून?”

“आकडा नव्हता म्हणून. गटाचा, फोनचा. आकडा नसलेल्या सगळ्या ओळी पुसल्या मी.”

रुपीबाईनं स्क्रीनकडं पाहिलं. “आमाले कुठून येईन गट,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच दीपमालाला जास्त लागलं. “डॉक्टर किती वाजतलोक हायेत?”

“पाच वाजेपर्यंत.”

मूळ यादीत सत्तावन्न जागी वरचा फोन नंबर खाली आणायचा होता. दीपमालानं पुन्हा चाळणी लावली: एका ओळीतला नंबर कंसात पकड, आणि खालच्या ओळीत तिसऱ्या ‘वरीलप्रमाणे’च्या जागी ठेव. एकदा बटण दाबलं की मालकाच्या लगेच खालचा माणूस सुटायचा, दुसऱ्यांदा दाबलं की त्याच्या खालचा. पाच वेळा दाबल्यावर ‘एकही सापडले नाही’ असं आलं. सत्तावन्न माणसं आणि सत्तावन्न फोन, पण एकही फोन त्या माणसाचा नाही. तिनं कागद छापला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पहिला नंबर फिरवला. तो पंजाबरावांचा.

“मी इथंच कार्यालयात बसलो हाये,” पंजाबराव म्हणाले. मागं पंख्याचा आणि माणसांचा आवाज येत होता. “रक्त झालं माह्यं. नॉर्मल निंघालं.”

“काका, तुमी फवारलं होतं का?”

“मी कायले फवारू? माह्यी कंबर गेल्ती. देवसिंगनं फवारलं.” तिकडं पंजाबराव थांबले. “थो नाई आला का?”

“त्याले फोनच नाई गेला. तुमाले आला थो त्याचा होता.”

पंजाबराव तसे सरळ माणूस. “फोन आला, मी आलो,” ते म्हणाले. “कायले बलावलं, इचारलंच नाई. दवाखान्यातून बलावणं आलं तं मानूस येते न. मी ट्रॅक्टर धाडतो तांड्यावर. अजून कोन हायेत त्या रस्त्यानं, सांग.”

सगळेच पंजाबराव नसतात. कुणी “मीटिंगमधी हाये” म्हणून फोन ठेवला. कुणी म्हणालं, त्याला तापच होता, फवारणीचं काही नाही. एका शेतातले दोघं कोळशाच्या कामाला राजूरकडं निघून गेले होते. एकानं तर विचारलं, याच्यात माझ्यावर काही येत नाही ना? दीपमाला प्रत्येकाला तेच सांगत गेली, घसा बसला तरी सांगत गेली. रुपीबाई बाकावर बसून होती. फोन संपला की ती फक्त “येते का?” विचारायची.

साडेचारपर्यंत सव्वीस जण आले. ट्रॉलीतून, कुणाच्या मोटारसायकलीवर मागं बांधल्यासारखे, एकजण बैलगाडीत झोपून. लग्नात वऱ्हाडी जिथं जोडे काढतात त्या मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर ते बसले; दुकान बंद करून दीपमालाही कागद घेऊन तिथं आली होती. रुपीबाई देवसिंगला घेऊन अगदी दाराशी बसली. एवढ्या सगळ्यांना तीच तर घेऊन आली होती, एका अर्थी. देवसिंगनं दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सामान बांधायला सुरुवात झाली होती. पायऱ्यांवरची माणसं पाहून त्या उभ्याच राहिल्या. वाकून त्यांनी पहिल्या माणसाचे डोळे पाहिले, दुसऱ्याची नाडी धरली.

“सकाळपासून आम्ही एकशे ऐंशी लोक तपासले,” त्या म्हणाल्या. “विष निघालं नऊ जणांत. या भागात बाधा किरकोळ आहे असा कागद मी लिहूनसुद्धा ठेवलाय. हे लोक दिवसभर कुठं होते?”

दारातल्या बबनरावांनी आतल्या छताच्या पंख्याकडं पाहिलं.

“माझ्या हातून यादीतून गेले,” दीपमाला म्हणाली. “मी ओळी न वाचता पुसल्या. सत्तावन्न होते. एवढेच आले.”

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून डोळे चोळले. “तो कागद मी फाडते,” त्या म्हणाल्या. “पण रक्त तपासायच्या पट्ट्या अकराच उरल्यात. रक्ताचा आकडा असल्याशिवाय नागपूरला भरती करून घेत नाहीत, आणि गाडी साडेपाचला निघायलाच हवी. तुमच्या यादीत तक्रारी लिहिल्यात ना? ज्यांचं जास्त आहे असे अकरा काढा. मी आत तयारी करते.”

“बाकीचे?”

“बाकीच्यांसाठी पुन्हा यायचा प्रयत्न करू.” हे त्या पुष्कळ गावांत म्हणाल्या असणार, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दीपमालानं हातातला कागद पाहिला. तक्रारीचा रकाना वाचून पाच मिनिटांत अकरा खुणा करता आल्या असत्या. पण रकान्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. ती पहिल्या पायरीपासून निघाली आणि एकेकासमोर उकिडवी बसली. नाव सांगा. आज झटका आला का? श्वास लागतो का? हे बोट कुठं आहे? उकंडाला मान सावरता येत नव्हती, त्याची बायको हनुवटीखाली हात धरून होती. नलू पंप नव्हती चालवत, ड्रममध्ये हातानं औषध कालवायची; तिचे ओठ निळे पडले होते. बैलगाडीतल्या माणसाला बोट दिसलंच नाही. दीपमाला खुणा करत गेली. प्रत्येक खुणेबरोबर खुणा न झालेले तिच्याकडं बघत होते.

देवसिंगपाशी पोचली तेव्हा दहा खुणा झाल्या होत्या. त्याच्यापुढं फक्त बळीराम राहिला होता.

“झटका आला का?” तिनं विचारलं.

“आला,” रुपीबाई म्हणाली. “काल आला. सांजच्याले.”

देवसिंगनं बायकोकडं पाहिलं. “नाई आला, बाई,” तो म्हणाला. “हात कापते, अन् धुकं दिसते. झटका नाई.”

“त्याले आठवत नाई.”

“आठवते न मले.”

दीपमालाला वाटलं, या माणसानं गप्प बसावं. एक शब्द खोटा बोलला असता, नुसती मान खाली घातली असती, तर तिनं डोळे मिटून खूण केली असती. जिच्यामुळं हे सव्वीस जण इथं पोचले तिला एवढंही देता येऊ नये? ती पुढं सरकली. बळीराम पायरीला टेकून बसला होता. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि त्याला ती पुसायचं कळत नव्हतं. गणपतीपासून बोलला नाही, त्याची म्हातारी आई म्हणाली. आधी भजनात गायचा.

दीपमालानं अकरावी खूण केली.

उभी राहून तिनं नावं वाचली. हळू वाचली, पुरी वाचली, बापाच्या नावासकट. रुपीबाई बोटांवर मोजत होती. दोन्ही हातांची बोटं संपली, वर एक झालं, आणि दीपमालानं कागद खाली केला. पंजाबराव दारात उभे होते, सकाळी रक्तासाठी टोचून घेतलेलं बोट मुठीत धरून.

“रुपीबाई,” दीपमाला म्हणाली.

रुपीबाईनं नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं. त्याचं पाऊल पायरीवर नीट पडतंय ना, हे तिनं आधी पाहिलं. मग ती दीपमालाकडं वळली.

“पयल्या खेपेले न पाह्यता पुसलं, बाई,” ती म्हणाली. “आता पाहून पुसलं.”

ती दोघं पायऱ्या उतरून ट्रॅक्टरकडं निघाली. आतून डॉक्टरीणबाईंनी पहिलं नाव विचारलं. दीपमालानं ते बापाच्या नावासकट सांगितलं.